शेजारी नवीन क्लब उभा करायला आपल्या क्लबला कसं तयार करावं?

सांजवारा

नमस्कार. रोटरी, लायन्स अशा सेवाक्लबांत काम करणारे इथे बरेच आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालते.

नऊ वर्षं मी आमच्या क्लबची सदस्य आहे, यंदा सचिव. मागच्या बोर्ड मीटिंगला मी एक विषय मांडला: नदीपलीकडच्या वस्तीत नवीन क्लब सुरू व्हावा आणि त्याचं प्रायोजकत्व आपण घ्यावं. खोली एकदम गप्प झाली. मग एकेक मुद्दा यायला लागला. आपलेच सदस्य कमी होत चाललेत, त्यात चार चांगले तिकडे गेले तर? देणगीदार तेच, ते वाटले जाणार. आणि तिसरा, जो मला सगळ्यात जास्त लागला: "त्यांना हवं असेल तर ते येतील की आपल्याकडे."

ते आले होते, हेच मला सांगायचं आहे.

आमच्या नेत्रतपासणी शिबिराला पलीकडचे लोक मोठ्या संख्येने येतात. नंबर काढलेले चष्मे तीन आठवड्यांनी तयार होऊन आले. वाटपाच्या दिवशी अलीकडच्या बहुतेकांनी येऊन नेले. पलीकडचे एकोणीस चष्मे राहिले. प्रत्येक डबीला रबरबँडने चिठ्ठी लावलेली, त्यावर नाव आणि फोन नंबर. ते खोकं आजही माझ्या कपाटात आहे. मी सगळ्यांना फोन केले. काही नंबर शेजाऱ्यांचे निघाले, काही लागलेच नाहीत. एका आजोबांच्या सुनेने सांगितलं, "त्यांना एकट्याने पूल ओलांडता येत नाही आणि मला कामावरून सुटी मिळत नाही." यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या बाजूला आमचं असं कुणीच नाही, म्हणून हे झालं.

त्याच शिबिरात संध्याकाळी खुर्च्या रचायला पलीकडचे सहा जण थांबले होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांतल्या एका शिक्षिकेने विचारलं, "तुमच्यात यायचं तर काय करावं लागतं?" मी मीटिंगला बोलावलं. दोघं दोनदा आले, मग बंद झाले. आमची मीटिंग रात्री आठला सुरू होते आणि संपेपर्यंत परतीचं शेवटचं वाहन गेलेलं असतं.

तर तुम्ही तुमच्या क्लबला कसं पटवलंत? ज्यांनी केलं आणि फसलं, त्यांनीही लिहा. तेही हवं आहे.

कोपऱ्यातला

सांजवारा, तुमच्या बोर्डासमोर पुढच्या वेळी इतिहासाचं एक पान ठेवून बघा. ही भीती पहिल्या क्लबालाही होती.

रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. पॉल हॅरिस आणि आणखी तीन जण: गुस्ताव्हस लोअर, सिल्व्हेस्टर शील, हायरम शोरी. सभा आळीपाळीने एकमेकांच्या कार्यालयात भरायची, त्यावरून नाव पडलं. पुढे हॅरिसच्या मनात आलं की दुसऱ्या शहरांतही असे क्लब व्हावेत. शिकागोच्या क्लबात सगळ्यांना हे रुचलं नाही. आपलं बरं चाललंय, कशाला व्याप वाढवायचा, असा सूर होता. हॅरिसने आपल्या ओळखीतून प्रयत्न चालू ठेवले आणि १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसरा क्लब झाला. तिथे होमर वुड नावाच्या वकिलाने पुढाकार घेतला.

आता तुमच्या कामाचा भाग. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी स्वतःचं बस्तान बसेपर्यंत वाट पाहिली नाही. खाडीच्या पलीकडे ओकलंड. तिथे १९०९ मध्ये तिसरा क्लब उभा राहिला. तुमच्याकडे नदी आहे, त्यांच्याकडे खाडी होती, एवढाच फरक. आणि दर आठवड्याला सभा घ्यायची पद्धत याच ओकलंडच्या क्लबने सुरू केली. मग ती बाकीच्यांनी उचलली. म्हणजे शेजारच्या नव्या क्लबाकडून जुने क्लब शिकले. १९१० मध्ये राष्ट्रीय संघटना झाली तेव्हा सोळा क्लब होते.

शिकागोने त्या वेळी "आपल्यापुरतं" म्हटलं असतं आणि तेच टिकलं असतं, तर पोलिओ निर्मूलनाचं १९८५ पासूनचं काम एका शहरातल्या मंडळाला पेललं असतं का, हे बोर्डातल्या त्या गृहस्थांना जरूर विचारा.

मधलीफळी

विषय चांगला आहे, पण दुसरी बाजू लिहितो, कारण मी ती जवळून पाहिली आहे.

आमच्या क्लबने शेजारी एक क्लब काढला. नाव लिहीत नाही. क्लबचं वर्ष एक जुलैला सुरू होतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की यंदा आपल्या नावावर एकही नवीन क्लब नाही. मग वीस नावं जमवायची घाई. आमच्या एका सदस्याच्या कार्यालयातले पाच जण, दोघांचे मेहुणे, एकाच कुटुंबातले तिघं. अर्जांवर सह्या झाल्या, पहिल्या वर्षाची वर्गणी बऱ्याच जणांची आमच्याच लोकांनी भरली. चार्टर नाईट, म्हणजे नव्या क्लबाला अधिकृत मान्यतेची सनद देण्याचा कार्यक्रम, जोरात झाली. व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या, त्यांतल्या आठ आमच्या आणि वरच्या पदाधिकाऱ्यांच्या. नव्या अध्यक्षाला बोलायला चार मिनिटं मिळाली. त्याचं भाषणसुद्धा आमच्यातल्याच एकाने लिहून दिलं होतं.

ऑक्टोबरपर्यंत सभेला सात-आठ जण येत होते. दुसऱ्या वर्षी वर्गणी कोण भरणार हा प्रश्न आला आणि सगळं थांबलं. चौदाव्या महिन्यात मी त्यांच्या सभेला गेलो तेव्हा कुलूप लावायला आलेला सचिव एकटा होता. त्याने हजेरीपट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हे तुमच्याकडेच ठेवा." तो माणूस खरंच कामाचा होता. त्या भागात आता दुसऱ्या कुणी क्लबचा विषय काढला की लोक म्हणतात, एकदा झालंय ते. म्हणजे आम्ही क्लब तर घालवलाच, पुढच्या माणसाची वाटही बंद केली.

म्हणून मला वाटतं, सांजवारा, तुमच्या बोर्डाची शंका ऐकून घ्या. कारणं त्यांची चुकीची असतील, पण सावधपणा चुकीचा नाही.

निवडुंग

मधलीफळींना अनुमोदन. आमच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच.

जुनीपिन

मधलीफळी, वाचून वाईट वाटलं, आणि आश्चर्य अजिबात वाटलं नाही. दोन नव्या लायन्स क्लबांना गायडिंग लायन, म्हणजे मार्गदर्शक सदस्य, म्हणून मी सोबत केली आहे. एक उत्तम चालतो, दुसरा वाचवायला बरेच कष्ट पडले. जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण या कामाबद्दल भाषणं खूप होतात आणि रोजचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आधी आकडे, म्हणजे गोंधळ नको. लायन्सला सनद मिळायला किमान वीस सदस्य लागतात, रोटरीलाही वीस, किवानिस या अशाच आणखी एका सेवासंघटनेला पंधरा. पण वीस जमेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. लायन्समध्ये पाच जणांची शाखा एखाद्या क्लबला जोडून सुरू करता येते. रोटरीत आठ जणांचा सॅटेलाइट क्लब होतो. त्यांचे सदस्य कागदोपत्री मूळ क्लबचे असतात, पण सभा वेगळी, वेळ वेगळी, काम वेगळं. सांजवारा, तुमचे खुर्च्या रचणारे सहा जण आहेतच की!

आता माणसं. लायन्समध्ये नव्या क्लबाला दोन गायडिंग लायन दोन वर्षांसाठी दिले जातात. हे दोन वर्षांचं गणित फार विचारपूर्वक केलेलं आहे. पहिल्या वर्षी उत्साहावर गाडी चालते. पहिला अध्यक्ष पायउतार होतो आणि दुसरा येतो तो काळ नाजूक. पहिल्याचे मित्र थोडे मागे सरकतात, दुसऱ्याला वाटतं आपल्याला जमणार नाही. नेमक्या तेव्हा प्रायोजक क्लब "आता झालं, चालायला लागलं" म्हणून निघून गेलेला असतो. माझा दुसरा क्लब तिथेच अडखळला होता. मी रोज रात्री नव्या अध्यक्षाला फोन करायचो. विचारायचो फक्त एवढंच, उद्या कुणाला भेटताय? सल्ला देत नव्हतो. तीन महिने असं चाललं.

पहिल्या भेटीबद्दल सांगतो. तिथे क्लबची माहितीपत्रकं घेऊन जाऊ नका. मी आधी ती चूक केली होती, चाळीस मिनिटं संघटनेचा इतिहास सांगितला आणि लोक जांभया आवरत बसले. पुढच्या ठिकाणी एक कोरी वही घेऊन गेलो आणि विचारलं, या भागात असं काय आहे जे तुम्ही रोज बघता आणि मनाला लागतं? एका बाईने सांगितलं, शाळेच्या मागच्या गल्लीतला दिवा दीड वर्ष बंद आहे, मुली वळसा घालून जातात. बाकीचे त्यावर बोलायला लागले. अर्ज कुणी लिहायचा, कुणाकडे द्यायचा, सह्या कोण गोळा करणार, हे वीस मिनिटांत ठरलं. पाच आठवड्यांत दिवा लागला. तेव्हा आमचा क्लब झालेलाही नव्हता. त्या बाई आज तिथल्या खजिनदार आहेत.

हिशेबाचं काम मात्र हातात हात धरून शिकवा. पावतीपुस्तक कसं ठेवायचं, बँकेत दोन सह्या का लागतात, प्रशासकीय खर्च आणि सेवेसाठी जमवलेला पैसा वेगवेगळ्या खात्यांत का ठेवायचा. लोकांकडून सेवेसाठी घेतलेला पैसा क्लबच्या खर्चाला वापरायचा नाही, हे पहिल्या महिन्यात अंगवळणी पडलं की पुढची निम्मी भांडणं होत नाहीत. खजिनदाराशेजारी बसून पहिले सहा महिने मी प्रत्येक नोंद पाहिली, पण लिहिली त्यांनीच.

आणि वर्गणी दुसऱ्या कुणी भरायची नाही. हे मधलीफळींच्या अनुभवात आलंच आहे. ज्याला परवडत नाही त्याच्याशी आधी मोकळेपणाने बोला.

खिडकी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे ज्यांच्यासाठी क्लब काढला जातो त्यांच्या बाजूने.

आम्ही नऊ जणी सॅटेलाइट म्हणून सुरू झालो. मूळ क्लबची सभा अशा वेळी असायची की घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्या कुणालाही जमणं शक्य नव्हतं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं त्या वेळेला येऊ शकणारेच सदस्य झाले आणि त्यांना ती वेळ सोयीचीच वाटत राहिली. रोटरीत स्त्रियांना सदस्यत्व १९८९ साली रीतसर खुलं झालं, लायन्समध्ये १९८७ साली. दार उघडलं तरी सभेची वेळ आड येते, हे पुष्कळ क्लबांच्या लक्षातच येत नाही. आम्ही शनिवारी सकाळी भेटायला लागलो. मुलांना सोबत आणायची मुभा ठेवली. दोन वर्षांत तेविसावी सदस्य आली आणि आम्ही स्वतंत्र झालो.

प्रायोजक क्लबांनी एक गोष्ट नक्की करावी. आमचा निधी मूळ क्लबच्या खात्यात जमा व्हायचा आणि त्यांच्याच कामात मिसळून जायचा. किती जमा, किती खर्च, आम्हाला विचारावं लागायचं. एकदा रुग्णसाहित्यासाठी जमवलेले पैसे दुसऱ्या कार्यक्रमाला वापरल्याचं नंतर कळलं. वाईट हेतू नव्हता, पण ज्यांच्याकडून आम्ही पैसे आणले होते त्यांना तोंड दाखवणं कठीण झालं. माझ्या भावाकडून आणि दोन शेजाऱ्यांकडून मी घेतले होते. शेवटी मूळ क्लबच्या एका ज्येष्ठ सदस्याने वहीत आमच्यासाठी वेगळं पान उघडलं आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याची प्रत आम्हाला द्यायला सुरुवात केली. ते पान आलं आणि आमचं वागणंच बदललं. आधी आम्ही परवानगी मागायचो, नंतर आम्ही ठरवून कळवायला लागलो.

आणखी एक. त्याच दादांनी आमच्या पहिल्या पदग्रहण सोहळ्याला व्यासपीठावर बसायला नकार दिला. मागच्या रांगेत बसले. मी निवेदन करत होते, नजर सारखी तिकडे जायची. मला एका ठिकाणी पुढचं सुचेना, तेव्हा त्यांनी हळूच मान हलवली, चालू दे अशी. मदत कशी करायची हे मला कुणी विचारलं तर मी ती मागची रांग दाखवीन.

उन्हाळी

सदस्य कमी होण्याच्या भीतीबद्दल. आमच्या क्लबातून तिघं नव्या क्लबात गेले, राहतात तिकडे म्हणून. गेले म्हणजे काय झालं? तिघंही आमच्याकडे दीड-दोन वर्षं नुसती वर्गणी भरत होते. हजेरी नाही, काम नाही. तिकडे एक जण प्रकल्पप्रमुख झाला. आमच्याकडे त्याच्या आधी बारा अनुभवी लोक रांगेत होते, त्याला काम मिळणार कधी?

देणगीदारांचा प्रश्न मात्र खरा आहे. तो झटकून टाकू नका. लेखी ठरवा.

मधलीफळी

उन्हाळी, लेखी म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे सगळं तोंडीच होतं.

उन्हाळी

एक पान होतं. पहिली दोन वर्षं आमच्या वार्षिक मदतफेरीच्या यादीतल्या देणगीदारांकडे नवा क्लब आम्हाला विचारल्याशिवाय जाणार नाही. बदल्यात आम्ही त्यांच्या भागात स्वतंत्र मागणी करणार नाही. वर्षातून दोन प्रकल्प एकत्र, खर्च सदस्यसंख्येच्या प्रमाणात. आमची खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या हे रुग्णसाहित्य त्यांना वापरायला खुलं, नोंद एकाच वहीत. दोन्ही अध्यक्षांच्या आणि खजिनदारांच्या सह्या. दोन वर्षांनी ते पान पुन्हा काढायचं होतं, पण तोवर कुणाला गरज वाटली नाही. त्यांनी त्यांचे देणगीदार शोधले होते. छोटे छोटे, पण आम्ही ज्यांच्या दारी कधी गेलोच नव्हतो असे.

पाटीपेन्सिल

मी लिओ क्लबातून आलेय. लायन्सचे तरुणांसाठीचे लिओ क्लब १९५७ पासून, रोटरीचे शाळकरी मुलांसाठीचे इंटरॅक्ट १९६२ पासून आणि तरुणांसाठीचे रोटरॅक्ट १९६८ पासून आहेत. दरवर्षी कितीतरी मुलं तिथे हिशेब, सूत्रसंचालन, शिबिराचं नियोजन शिकतात आणि शिक्षण संपलं की विखुरतात. मी राहायला आले त्या भागात क्लबच नव्हता. चार वर्षं मी काहीच केलं नाही. कुणी बोलावलंच नाही. सांजवारा, पलीकडे असे जुने लिओ किंवा रोटरॅक्टर आहेत का ते आधी शोधा. त्यांना हजेरीपट म्हणजे काय ते शिकवावं लागणार नाही.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दोन आठवडे उत्तर देऊ शकले नाही, कारण इथलं वाचून थोडं काम करून बघत होते.

मधलीफळी, तुमचा तो हजेरीपट डोक्यातून जात नाही. मी माझा ठराव मागे घेतला आणि नव्याने लिहिला. आधी त्यात "जूनपर्यंत सनद" असं होतं. ते काढलं. आता एवढंच आहे: आमच्या दोन सदस्यांनी दोन वर्षं या कामाला द्यायची, त्या काळात त्यांच्यावर क्लबची दुसरी जबाबदारी नको. पलीकडच्या लोकांनी सलग सहा महिने स्वतः सभा घेतल्या आणि एक काम पूर्ण केलं, तरच शाखेचा विषय बोर्डापुढे यायचा. सनदेचं त्यांनी म्हटलं तर. वर्गणी ज्याची त्याने भरायची. पैशाचं वेगळं पान पहिल्या दिवसापासून, आणि प्रत पाच तारखेला. खिडकी, ते तुमचंच जसंच्या तसं घेतलं आहे.

बोर्डात नऊ विरुद्ध चार असा मंजूर झाला. विरोधातल्या चौघांपैकी एक मीटिंग संपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "माझं मत तेच आहे, पण खजिनदाराला शिकवायला मी जाईन." तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे. दुसरी मी.

रविवारी आम्ही दोघं ते खोकं घेऊन पलीकडे गेलो. जुनीपिन, कोरी वहीही नेली होती. शिक्षिकेने आठ जणांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं होतं. मी काही विचारायच्या आधीच एकाने खोकं उघडलं आणि चिठ्ठ्या वाचायला लागला. "हा आमच्या गल्लीतला. ही आता लेकीकडे राहते, मी देतो. हे आजोबा? हे वरच्या बाजूला, चल आत्ताच जाऊ." जे नंबर मला लागत नव्हते ती माणसं त्यांना चेहऱ्याने माहीत होती. तासाभरात पंधरा डब्या गेल्या. एक आजोबा मात्र आता राहिले नव्हते. त्यांची डबी शिक्षिकेने बाजूला काढून ठेवली, त्यांच्या घरी जाऊन सांगते म्हणाल्या. तीन डब्यांचा पत्ता लागायचा आहे, त्या तिथेच ठेवून आले.

वहीचं पहिलं पान त्यांनीच लिहिलं. वर तारीख, खाली हजर असलेल्यांची नावं, आणि मग शिक्षिकेच्या अक्षरात: "पुढची भेट गुरुवारी सायंकाळी साडेपाच. तिघांचा शोध घेणे."

आम्ही दोघं गुरुवारी जाणार आहोत. बसायची जागा मागेच बघू.